एक्केचाळीस सामने, एकाहत्तर मिनिटं

हॉकी क्लबच्या सामानघरातल्या काकांना एकोणीस वर्षांत नऊ प्रशिक्षकांनी हजार कामं सांगितली असतील, पण डोकं लावावं असं काम एकानेच सांगितलं. तो चौथा. माणूस जरा विचार करणारा होता, म्हणूनच टिकला नाही. त्याने काकांच्या हातात एक स्टॉपवॉच आणि एक शंभर पानी वही ठेवली आणि म्हणाला, "काका, सामना चालू असताना कोण कितव्या मिनिटाला मैदानात गेली आणि कितव्या मिनिटाला बाहेर आली, एवढं लिहायचं. पुढे खेळणाऱ्या पोरी दमतात, मला त्या बदलत राहायच्यात." काका लिहायला लागले. हंगाम संपला, चौथ्याने गाशा गुंडाळला, पाचवा आला. पाचव्याला वहीचा पत्ताही नव्हता. पण "आता लिहू नका" असंही काकांना कोणी सांगितलं नाही, म्हणून काका लिहीतच राहिले. पोरींच्या संघाचा एकही सामना त्यांनी सोडला नाही. वही भरली की फळीवर टाकायची, नवी उघडायची. आत काय लिहिलंय हे कोणी विचारलं नाही, आणि काकांनीही कधी मागचं पान उलटून पाहिलं नाही.

सामानघर खालच्या मजल्यावर, कपडे बदलायच्या खोलीला लागून. खिडकी नाही. एका भिंतीला स्टिका, दुसरीला गोलकीपरचे पॅड, मधे सरावात अंगावर चढवायच्या रंगीत बिबांची टोपली आणि घामाचा असा वास की नवखा माणूस दारातूनच परत फिरेल. बरोबर वरच्या मजल्यावर व्यवस्थापनाची बैठकीची खोली. तिथल्या एसीचं पाणी भिंतीतून झिरपायचं आणि नेमकं पॅडांवर पडायचं. काकांनी तीनदा तक्रार केली आणि शेवटी खाली बादली ठेवली. "वरच्यांची अक्कल गळते ती इथं साठते," असं ते बादली रिकामी करताना म्हणायचे. म्हणायचे म्हणजे पुटपुटायचे. ऐकायला आसपास कोणी नाही याची आधी खात्री करून.

कारण काकांचं असं होतं की क्लबात तोंडात मूग आणि घरी पाऊल टाकलं की नुसता तोफखाना. बूट काढता काढता सुरुवात. आज कोणी कोणता मूर्खपणा केला, कोणाला खेळवायला हवं होतं, कोणाला घरी बसवायला हवं होतं. बायको दवाखान्यात केसपेपर लिहायची. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून आलेली ती बाई भाजी चिरत हे सगळं ऐकायची आणि एक दिवस सुरी खाली ठेवून म्हणाली, "अहो, हे तिकडे बोला ना. मी काय तुमच्या क्लबची अध्यक्ष आहे?"

"तिकडे ऐकतंय कोण!"

"एकदा तरी बोललायत का? न बोलता कसं कळलं ऐकत नाहीत ते?"

काकांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

आता व्यवस्थापनाबद्दल. अध्यक्षांचा नळ आणि तोट्या बनवायचा कारखाना. हॉकीचं त्यांना एवढंच माहीत होतं की चेंडू पांढरा असतो. पण क्लब हातात आल्यापासून त्यांना 'विकास' या शब्दाने झपाटलं होतं. खेळाडूंचा विकास, दीर्घकालीन विकास, पायाभूत विकास. त्यासाठी त्यांनी खास विकासप्रमुख आणला. हा गृहस्थ आधी मोबाइलची विक्री बघायचा. आला तो लॅपटॉप घेऊन आणि पहिल्याच महिन्यात त्याने भिंतभर एक चित्र छापून आणलं. सात पायऱ्यांचा जिना, प्रत्येक पायरीवर स्टिक घेतलेली एक पोर, आणि वर सूर्य. ते चिकटवायला काकांनाच शिडीवर चढवलं. चिकटवताना काकांच्या लक्षात आलं की चित्रातल्या सातही पोरींचा उजवा हात स्टिकच्या वरच्या टोकाला आहे आणि डावा खाली. अहो, हॉकीची स्टिक पहिल्यांदा हातात घेणाऱ्या पोरीलाही पहिल्या दिवशी शिकवतात की डावा हात वर! काकांनी शिडीवरून खाली पाहिलं. खाली अध्यक्ष, विकासप्रमुख आणि प्रशिक्षक मान वाकडी करून चित्राचं कौतुक करत होते. काका खाली उतरले आणि शिडी घडी करून घेऊन गेले.

पण खरा कहर तो चित्रात नव्हता, मैदानात होता. अध्यक्षांना पेपरात छापून यायला हवं होतं की संघात सात तरुण खेळाडू आहेत. प्रशिक्षकाला, म्हणजे नवव्याला, सामना हरून नोकरी घालवायची नव्हती. दोघांचं समाधान होईल असा मार्ग विकासप्रमुखाने काढला. तरुण पोरींना शेवटच्या दोन मिनिटांत उतरवायचं. याला त्यांनी नाव दिलं 'अनुभव देणं'. साठ मिनिटांच्या सामन्यात अठ्ठावन्न मिनिटं पोर बाकावर थंड पडणार, मग प्रशिक्षक बोट करणार, पोर धावत आत जाणार. आपला संघ पुढे असेल तर बाकीच्या जणी चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढत उभ्या. मागे असेल तर सगळ्यांचं लक्ष भोंग्याकडे. चेंडू काही पोरीपर्यंत येत नाही. भोंगा वाजला की पोर घाम न येता बाहेर. पण सामन्याच्या कागदाची गंमत अशी की ज्या खेळाडूने मैदानात पाय ठेवला तिच्या नावापुढे खूण होते. दोन मिनिटं खेळा की साठ, खूण एकच. आणि एक खूण म्हणजे एक सामना. विकासप्रमुख या खुणा मोजायचा आणि लॅपटॉपवर रंगीत खांब उभे करायचा.

बाकीची अठ्ठावन्न मिनिटं कोण खेळायचं? तर बाहेरून आणलेल्या 'अनुभवी' खेळाडू. त्यांतल्या एकीला सगळे मोठ्या ताई म्हणायचे. वय पस्तीस, एका गुडघ्याला पट्टा, दुसऱ्याला मलम. कधीकाळी फार सुंदर खेळल्या असतील, नाही कोण म्हणतो. आता त्या चेंडूकडे जायच्या नाहीत, चेंडूने आपल्याकडे यावं अशी वाट बघायच्या. काका त्यांच्यासाठी पाण्याची बाटली आणि बर्फाची पिशवी वेगळी ठेवायचे. घरी गेल्यावर त्यांचीच नक्कल करून दाखवायचे, आणि बायकोला हसू आवरायचं नाही.

या बाकावरच्या सात जणींत एक होती खारूताई. हे नाव पोरींनीच ठेवलेलं, कारण ती चेंडू घेऊन तुरुतुरु धावायची, मधेच टक्क उभी राहायची, इकडेतिकडे बघायची आणि समोरची गोंधळली की दुसऱ्याच बाजूने पळायची. सोळाव्या वर्षी क्लबात आली. आई कपडे शिवायची, वडील नव्हते. उलट्या स्टिकने असा फटका मारायची की सरावात थोरल्या गोलकीपरने एकदा पॅड काढून ठेवले आणि म्हणाली, "हिला दुसरीकडे पाठवा, मला अजून लग्न करायचंय." काकांचा तिच्यावर जीव. इतर पोरी आपल्या स्टिकच्या मुठीवरची पट्टी स्वतः गुंडाळायच्या, हिची काका गुंडाळायचे, आणि गुंडाळताना व्यवस्थापनाचा उद्धार करायचे. त्या सामानघरात खारूताई ही एकटीच अशी की जिच्यासमोर काका घरच्यासारखे बोलायचे.

मागच्या वर्षी, हंगाम संपताना, ती त्यांच्याकडे आली. नदीपलीकडच्या छोट्या क्लबाच्या प्रशिक्षक बाईंनी तिला बोलावलं होतं. तिथे मैदानावरचं टर्फ जुनं, कपडे स्वतःचे स्वतः धुवायचे, पण बाई म्हणाल्या होत्या की पूर्ण सामना खेळशील, पहिल्या मिनिटापासून. दोन दिवसांत कळवायचं होतं.

"काय करू काका?"

आता इथे काकांनी काय म्हणायला हवं होतं हे शेंबड्या पोरालाही कळेल. काकांनाही कळत होतं. पण त्याच सकाळी प्रशिक्षक त्यांच्यासमोर म्हणाला होता, "पुढच्या हंगामात खारूला बघायचंय हं." काकांना ती आतली बातमी वाटली. आतली बातमी आपल्याला ठाऊक आहे आणि पोर विश्वासाने आपल्याला विचारतेय, या दोन्ही गोष्टींनी काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते स्टिकला पट्टी गुंडाळत म्हणाले, "थांब इथंच. पुढच्या वर्षी तुला खेळवणार आहेत. मी सांगतो ना."

खारूताई थांबली. पुढच्या वर्षी प्रशिक्षकाने तिला बघितलं, अगदी डोळे भरून बघितलं, बाकावर बसलेली. दोन-दोन मिनिटांचे आणखी तेरा सामने झाले. नदीपलीकडच्या बाईंनी तिची जागा दुसरीला दिली.

आणि मग त्या दुपारी बैठक लागली. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं. खारूताईचं सगळं या एका बैठकीवर टांगलेलं होतं, कारण दोन महिन्यांनी वयोगटाच्या संघाची निवड चाचणी होती. वयाच्या हिशोबाने तिची ही शेवटची. आणि क्लबाची शिफारशीची चिठ्ठी असल्याशिवाय चाचणीच्या दारात कोणी उभं करत नाही. सकाळीच ती काकांना म्हणाली होती, "चिठ्ठी मिळाली ना काका, तर चाचणीत पूर्ण खेळ दाखवता येईल. तिथे प्रत्येकीला अर्धा तास देतात म्हणे." अर्धा तास हा शब्द तिने असा उच्चारला की काकांना तिच्याकडे बघवेना.

काका बैठकीत बसलेले नव्हते, त्यांना कोण बसवणार? भिंतीवरच्या पडद्याची वायर लॅपटॉपला नीट बसत नाही म्हणून त्यांना वर बोलावलं होतं. ते टेबलाखाली वाकलेले, आणि वर विकासप्रमुखाचा आवाज. "काढायच्या यादीत चार जणी. पहिली खारू. तीन हंगाम, एक्केचाळीस सामने, गोल शून्य. एक्केचाळीस सामन्यांचा अनुभव देऊनही प्रगती नाही."

"एक्केचाळीस म्हणजे फार झाले हो," अध्यक्ष हळहळले. "आपण काही कमी केलं नाही."

प्रशिक्षक आपल्या नखांकडे बघत बसला. त्याला सगळं माहीत होतं. पण त्याच्या स्वतःच्या कराराचा कागद अजून टेबलावर यायचा होता.

काकांचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. ते तसेच डोकं चोळत उभे राहिले, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत बोलले. "खोटं आहे ते."

तिघांनी असं पाहिलं की जणू एसी बोलला.

"एक्केचाळीस खुणा आहेत, सामने नाहीत," काकांचा आवाज चिरकत होता. "पोरीला दोन मिनिटं आत सोडता आणि वर तिच्याच डोक्यावर सामने मोजता? माझ्याकडे वह्या आहेत. कोण कधी आत गेली, कधी बाहेर आली, सगळं लिहिलंय. आणतो मी."

ते तरातरा जिना उतरले. छाती किती फुगली होती? विचारू नका. तीन हंगामांच्या वह्या बगलेत मारून ते वर आले. विकासप्रमुखाने लॅपटॉप पुढे ओढला, काका वाचत गेले, तो टाइप करत गेला. मिनिट अठ्ठावन्न ते साठ, म्हणजे दोन. एकोणसाठ ते साठ, म्हणजे एक. अर्धा तास हे चाललं. शेवटी त्याने बटण दाबलं आणि पडद्यावर आकडा आला. एकाहत्तर.

"एकाहत्तर काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"मिनिटं," काका म्हणाले. "तीन वर्षांत. सव्वा सामनासुद्धा नाही झाला."

 अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "फक्त एकाहत्तर? अरे, हे तर भयंकर आहे." काकांना वाटलं, जिंकलो. बायकोला आज काय काय सांगायचं याची मनात जुळवाजुळवही सुरू झाली.

"भयंकर आहे," अध्यक्ष पुन्हा म्हणाले. "म्हणजे या मुलीला अनुभवच नाही! आणि आपण तीन वर्षं तिला अनुभवी समजून बसलो होतो. बरं झालं वेळेत कळलं. एवढ्या कच्च्या मुलीला पुढच्या हंगामात ठेवायचं कसं?"

"आणि चाचणीची चिठ्ठी तरी कशी द्यायची?" विकासप्रमुख म्हणाला. "क्लबाचं नाव असतं त्यावर."

काकांनी तोंड उघडलं.  पण एका दिवसात वापरायचा सगळा आवाज ते आधीच वापरून बसले होते. विकासप्रमुखाचे डोळे मात्र चमकत होते. "काका, तुम्ही तर खजिना लपवून ठेवलात! बाकीच्या मुलींचंही आहे ना यात? वाचा, वाचा." आणि कपाळ माझं, काका वाचायला लागले! साहेबांनी वाच म्हटलं की वाचायचं, ही एकोणीस वर्षांची सवय, ती जाते कुठे. नावामागून नाव. एकीची चौऱ्याऐंशी मिनिटं, दुसरीची पंचावन्न. संध्याकाळपर्यंत चारची यादी सहावर गेली, आणि मोठ्या ताईंची मिनिटं भरघोस निघाली म्हणून त्यांचा करार एका वर्षाने वाढला. अध्यक्षांनी उठून काकांच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात तळमळ! पुढच्या हंगामापासून काकांना नवीन वही द्या रे, जाड पुठ्ठ्याची."

काका खाली आले तेव्हा खारूताई सामानघराच्या दारात उभी होती. बातमी त्यांच्या आधी पोचली होती, असल्या बातम्यांना जिना लागत नाही. ती रडत नव्हती. क्लबाचे कपडे घडी करून तिने खुर्चीवर ठेवले होते, अगदी मोजेसुद्धा.

"मी बोललो गं," काका घाईघाईने म्हणाले. "अगदी तोंडावर बोललो. वह्या दाखवल्या त्यांना. एकाहत्तर मिनिटं, म्हटलं, पोरीला तीन वर्षांत फक्त एकाहत्तर मिनिटं दिलीत तुम्ही! पण माणसंच ती तसली. अक्कल म्हणून नाही एकालाही. तू बघत राहा, त्यांचं काय होतं ते..."

"एकोणसत्तर," खारूताई म्हणाली.

"काय?"

"एकोणसत्तर मिनिटं झाली काका. तुम्ही दोन जास्त लिहिलीत. एका सामन्यात मला लगेच बाहेर घेतलं होतं, पण तुम्ही मोठ्या ताईंना पाणी देत होतात, म्हणून तुमचं घड्याळ चालूच राहिलं."

 काकांनी उगाच टोपलीतला एक बिब उचलला, झटकला आणि परत टाकला.

"तू मोजत होतीस?"

"मोजायला काय लागतं? आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत दुसरं काय करत होते मी?" तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच काकांना सोसेना. "मागच्या वर्षी मी तुम्हाला विचारायला आले, तेव्हा त्रेचाळीस झाली होती. अठ्ठावीस सामन्यांची त्रेचाळीस. मला वाटलं, काकांकडे तर सगळं लिहिलेलं आहे. एवढं बघूनसुद्धा काका थांब म्हणतायत, म्हणजे त्यांना काहीतरी पक्कं माहीत असणार. म्हणून थांबले."

काकांना सांगायचं होतं की त्यांनी पानं कधी उलटलीच नव्हती. सांगायचं होतं की प्रशिक्षक तसं म्हणाला होता. आणि खरं सांगायचं तर, तिने आपल्याला विचारलं याचंच त्यांना अप्रूप वाटलं होतं, एवढंच. यातलं एकही वाक्य त्या पोरीसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

"मला वाटलं..." ते म्हणाले.

खारूताई थांबली. घाई न करता, थोरांचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबावं तशी ती दारात उभी राहिली. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं, हसत होतं. काकांचं वाक्य काही पुढे गेलं नाही. मग तिने खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि म्हणाली, "आईला मशीनवर मदत हवीच होती," आणि गेली.